आईच्या चष्म्यात सिलिंडर नंबर दोन आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला टोरिक लेन्स घ्यावीच का?

तुम्ही लिहिलंय की आई अडुसष्टच्या, तासगावकडच्या, बागेत अजून रोज जातात. चष्म्यात सिलिंडर, म्हणजे एका रेषेत कमी-जास्त वाक असल्याने लागणारा नंबर, उणे दोन, आणि ॲक्सिस, म्हणजे त्याच्या रेषेचा कोन, ९०. डॉक्टरांनी टोरिक लेन्स, म्हणजे सिलिंडरही भरून काढणारी डोळ्यात बसवायची लेन्स, सुचवली आणि तिचे पैसे ऐकून घरात दोन तट पडलेत. मी सांगलीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही, पण त्याआधीची मोजमापं आणि नंतरचे नंबर काढणं हे रोजचं काम.

पहिली गोष्ट, चष्म्याच्या नंबरावरून काहीच ठरवू नका. सिलिंडर येतो दोन ठिकाणांहून: डोळ्याच्या पुढच्या काचेतून, म्हणजे कॉर्नियातून, आणि आतल्या भिंगातून. मोतीबिंदू म्हणजे ते आतलं भिंगच गढूळ झालेलं. ऑपरेशनमध्ये ते निघालं की त्याचा सिलिंडरही त्याच्याबरोबर गेला. मागे उरतो तो कॉर्नियाचा. त्यामुळे चष्म्यात दोन आणि कॉर्नियात जेमतेम अर्धा, असे पेशंट असतात, उलटेही असतात.

म्हणून बायोमेट्रीचा, म्हणजे ऑपरेशनआधी डोळ्याची मापं घेतात त्याचा, कागद मागून घ्या. त्यावर के-वन आणि के-टू असे दोन आकडे असतात, कॉर्नियाच्या दोन आडव्या-उभ्या रेषांतल्या वाकाचे. समजा ४३.२५ आणि ४५.२५ असतील, तर फरक दोनचा, आणि तोच खरा प्रश्न. पाऊणच्या आत फरक असेल तर टोरिकचा विषय सोडून द्या. एक-सव्वाला कुंपणावर. दीडच्या पुढे गेला आणि पैशाची ओढाताण नसेल, तर मी टोरिक घ्या म्हणेन.

ॲक्सिस ९० चा एक मुद्दा आहे. तरुणपणी कॉर्निया बहुधा उभ्या रेषेत जास्त वाकलेला असतो, वय वाढतं तसा तो आडव्या रेषेकडे झुकतो. आईंचा सिलिंडर कॉर्नियातलाच निघाला तर तो या दुसऱ्या जातीचा. साधी मशीन फक्त कॉर्नियाची पुढची बाजू मोजतात. २०१२ साली अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ डग्लस कॉख आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मागच्या बाजूचाही सरासरी ०.३० चा सिलिंडर असतो, आणि तो बहुतेकांत आडव्या रेषेच्याच बाजूने भर घालतो. म्हणजे आईंसारख्यांत पुढून मोजलेला आकडा थोडा कमीच दिसतो. हल्लीच्या टोरिक कॅल्क्युलेटरमध्ये ही भर धरलेली असते. ती धरली का, एवढं विचारायला हरकत नाही.

बागेत राबणाऱ्या माणसांचं आणखी एक. ऊन-धूळ खाल्लेल्या डोळ्यांत नाकाच्या बाजूने बुबुळावर मांस चढलेलं दिसतं. ते कॉर्निया ओढतं आणि आकडे बिघडवतं. मोठं असेल तर आधी ते काढून, काही आठवडे थांबून, मग पुन्हा मोजायचं. डोळे कोरडे असतील तरी मशीन दर वेळी वेगळा आकडा देतं. अशा वेळी थेंब घालून, डोळे सुधारले की परत मोजलेलं बरं. एकाच मोजणीवर टोरिक ठरवलेली मला तरी पटत नाही.

टोरिकशिवाय मार्ग आहेत. फेकोची, म्हणजे छोट्या चिरेतून मशीनने मोतीबिंदू काढण्याच्या ऑपरेशनची, चीर जिथे कॉर्निया जास्त वाकलाय तिथे घेतली की थोडा सिलिंडर उतरतो, पण छोट्या चिरेने साधारण अर्ध्याच्या आतच. कॉर्नियाच्या कडेला वेगळ्या चिरा देण्याचीही पद्धत आहे. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात या चिरा आणि टोरिक यांची तुलना आहे: ऑपरेशननंतर सिलिंडर अर्ध्या नंबराच्या आत येण्याची शक्यता टोरिकमध्ये जास्त, पण सरासरीत फरक लहानच.

आणि साधी लेन्स घेऊन वर चष्मा, हा काही कमीपणाचा मार्ग नव्हे. पुण्याच्या देसाई नेत्र रुग्णालयात ४०० पेशंटवर फेको आणि बिनटाक्याचं मॅन्युअल ऑपरेशन यांची तुलना झाली होती, २००५ साली ती छापून आली. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ (निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोत ८१ टक्के, दुसऱ्यात ७१. नंबर घातल्यावर दोन्हीकडे ९८.४! आई जन्मभर चष्मा वापरत आल्या असतील आणि त्याचा त्रास नसेल, तर तेच पैसे दुसऱ्या डोळ्याला ठेवा. औषध फवारताना चष्मा घामाने ओघळतो, काचेवर थेंब बसतात, असं त्या स्वतः म्हणत असतील तर हिशेब बदलतो.

घेणारच असाल तर खुणेबद्दल विचारा. टोरिक ठरलेल्या रेषेतच बसावी लागते. एक अंश हलली की साधारण ३.३ टक्के परिणाम गेला, ३० अंश फिरली तर काहीच उरत नाही. आडवं झोपल्यावर डोळा खोबणीत किंचित फिरतो, म्हणून पेशंटला ताठ बसवून, समोर बघायला सांगून शाईने खूण करतात आणि मगच टेबलावर नेतात. काही ठिकाणी हे काम कॅमेरा करतो. नंतर लेन्स फिरलीच तर बहुधा पहिल्या काही दिवसांत फिरते, आणि ती परत जागेवर आणता येते. त्याचे वेगळे पैसे लागतील का, हे आधीच विचारून ठेवा.

टोरिक घेतली तरी पोथी वाचायला, सुईत दोरा ओवायला जवळचा चष्मा बहुधा लागेलच, हे आईंना आत्ताच सांगा. आणि कागद मिळाला की दोन्ही डोळ्यांचे के-वन, के-टू आणि ॲक्सिस कळवा, नाव-पत्ता झाकून.