भेळ कुणी द्यायची?

प्रश्न : दिवाळीत जेवणं झाल्यावर आमच्याकडे वाद पेटला. मराठीत सगळ्यात जास्त टिकलेलं काय? सासरे म्हणाले गीतरामायण, नणंद म्हणाली 'मृत्युंजय' आणि कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलाने 'अशी ही बनवाबनवी'चं नाव घेतलं. त्यावर सासरे विडा तसाच ठेवून उठून गेले. हरेल त्याने सगळ्यांना भेळ द्यायची असं ठरलंय. निकाल तुम्ही द्या.
— एक सून, सांगली

उत्तर : ताई, मी समीक्षक नव्हे. ३१ वर्षं वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीत बसलो, त्यामुळे माझं मोजमापही तिथलंच.

पुस्तक मिटायचं आणि पानांची कड बघायची. लोक जिथवर वाचतात तिथवर ती बोटं लागून काळपट होते, पुढे कोरी. भल्याभल्या कादंबऱ्यांची कड पन्नासाव्या पानाशी पांढरी पडलेली मी पाहिलीय. (नावं घेत नाही, काही लेखक अजून भेटतात.) आमची 'मृत्युंजय' मात्र शेवटच्या पानापर्यंत सारखी काळी. १९६७चं पुस्तक, विटेसारखं जाड. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे एकेक जण आपली बाजू सांगतात. तरी मे महिन्यात त्यासाठी नंबर लागायचे. तीनदा बाइंडिंग केलं, मग एकदा गेली ती प्रत परत आलीच नाही. नणंदबाईंची बाजू भक्कम आहे.

मुलालाही हसण्यावारी नेऊ नका. एकदा एक पोरगा वर्गणी बंद करून अनामत परत मागायला आला. पावती हरवलेली. आमच्या शिपायाने मान वर न करता 'बनवाबनवी'तलं वाक्य टाकलं, "सत्तर रुपये वारले." मागे उभ्या आजी हसल्या, पोरगाही हसला. सिनेमा १९८८चा, पोरगा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेला. आणि गंमत अशी, की तो बेतलेला १९६६च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावर. तो आता कुणाला आठवतो? म्हणजे टिकली ती गोष्ट नव्हे, वसंत सबनीसांचे संवाद. शिवाय पुण्यात बिनलग्नाच्या पोरांना खोली मिळण्याची मारामार अजून तशीच आहे, त्याचाही हात असेलच.

राहिलं गीतरामायण. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. तिथून दर आठवड्याला एक गाणं, वर्षभर, एकूण ५६. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, की पुढचा आठवडा दारात हजर. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. तांदूळ निवडताना 'पराधीन आहे जगती' म्हणायची. मधलं एक कडवं दर वेळी गाळायची, सूर कुठल्या कुठे जायचा, खडा लागला की तेवढ्यापुरती थांबायची आणि तिथूनच पुढे. घरात ना पुस्तक होतं ना रेकॉर्ड. 'मृत्युंजय'ची प्रत गेली तेव्हा मला दुसरी मागवावी लागली. आईला कधी काही मागवावं लागलं नाही. गदिमा १९७७ला गेले, बाबूजी २००२ला. रामनवमीला आमच्या गल्लीत आजही कुणीतरी पेटी काढतंच.

तेव्हा सासरे जिंकले. विडा टाकून उठले तेवढं मात्र बरोबर नाही, त्यांना सांगा. भेळ मुलाने द्यावी, शेव नणंदबाईंनी आणावी. सिनेमाने पन्नाशी गाठली की पुन्हा लिहा, फेरसुनावणी घेऊ. आणि भेळ सत्तर रुपयांत आटपू नका.