साचा कोरतो कोण?

प्रश्न : ब्लॉक कोपॉलिमरच्या (वेगवेगळ्या स्वभावाचे तुकडे जोडून बनलेल्या लांब रेणूसाखळीच्या) साच्यातून नॅनोछिद्रांची सिलिका (वाळूतला मुख्य पदार्थ) बनवतात, असे वाचले. इतका सूक्ष्म साचा कोरतात कसा?

उत्तर : तो कोरावा लागत नाही, आपोआप जुळतो. १९९८ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे बनवलेल्या एसबीए-१५ या सिलिकेसाठी वापरलेल्या प्लुरोनिक पी-१२३ या ब्लॉक कोपॉलिमरच्या साखळीचा मधला भाग पाणी टाळणारा, तर दोन्ही टोके पाण्यात रमणारी असतात. मात्र हे भाग एकमेकांशी रासायनिक बंधाने जखडलेले असल्याने तेल-पाण्यासारखे पूर्ण विलग होऊ शकत नाहीत, आणि आम्लयुक्त पाण्यात, सिलिकेच्या संगतीने, अशा अनेक साखळ्या एकत्र येऊन बनलेल्या नळ्या मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रचनेत लागतात. सिलिका घट्ट झाल्यावर भट्टीत सुमारे ५०० अंश सेल्सिअसला पॉलिमर जळून जातो (ओतारी मेण वितळवून काढतो, तसेच हे) आणि कृतीनुसार ५ ते ३० नॅनोमीटर रुंदीची छिद्रे उरतात. असा जाळला की साचा वाया जातो, ही मात्र उणीवच.