पाठ टाचणाची वही रद्दीत देऊ नकोस

"मॅडम, माझ्या पदवीवर 'शिक्षिका' असा शिक्काच बसलाय. आता दुसरं काही करायचं म्हटलं तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागणार ना?"

इंग्रजी अध्यापनाची पदवी घेतलेली कितीतरी मुलं-मुली करिअरचा सल्ला मागायला माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात. शब्द निराळे असतात, धास्ती तीच. ही मुलगी तीन वर्षं वर्गात शिकवत होती आणि राजीनामा लिहून तयार होता. (तिच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी तिला विचारलं, आठवड्यातलं कोणतं काम करताना घड्याळाकडे लक्ष जात नाही? ती म्हणाली, "वर्गात उभं राहिलं की पहिल्या पाच मिनिटांत थकते. पण चाचणीचा पेपर काढायला बसले की किती वाजले ते कळत नाही."

हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटलं. वर्गाचा कंटाळा, त्या एका शाळेचा कंटाळा आणि विषयाचाच कंटाळा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती शाळा बदलून प्रश्न सुटणार असेल तर मी तेच सुचवते. हिनं शाळा बदलूनही पाहिली होती. मग म्हटलं, पुढच्या वेळी पाठ टाचणाच्या वह्या (तासाला काय, कसं शिकवायचं याची आधी लिहिलेली आखणी) आणि काढलेले पेपर घेऊन ये.

"त्या वह्या तर रद्दीत द्यायला काढल्यात."

"देऊ नकोस."

पुढच्या भेटीत आम्ही एक वही उघडली. उद्दिष्टांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याला भूतकाळ समजतो.' त्यातलं 'समजतो' तिनं स्वतःच खोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'परिच्छेदातली भूतकाळी क्रियापदं ओळखतो.' का खोडलं, असं विचारल्यावर ती सहज म्हणाली, "समजलं की नाही ते मोजता येत नाही ना. ओळखतो की नाही ते तपासता येतं."

तिला ही अगदी साधी गोष्ट वाटत होती. पण कंपन्यांसाठी, रुग्णालयांसाठी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम बनवणारे लोक नेमके इथेच अडतात. 'कर्मचाऱ्यांना सुरक्षेचं महत्त्व समजेल' असं लिहून मोकळे होतात आणि मग परीक्षा कशाची घ्यायची ते कळत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी पाठ केलेलं ब्लूमचं वर्गीकरण, म्हणजे शिकण्याच्या उद्दिष्टांची सोप्यापासून अवघडापर्यंत लावलेली उतरंड, 1956 सालचं, त्याची सुधारित मांडणी 2001 ची. 'इन्स्ट्रक्शनल डिझाइन' म्हणजे असे प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम आखण्याचा पेशा, त्यात ते रोज वापरतात. त्या क्षेत्रात विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन अशा पाच पायऱ्यांची 'अ‍ॅडी' नावाची पद्धत आहे. 1970 च्या दशकात फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणासाठी झालेल्या कामातून ती पुढे आली. मी पायऱ्या सांगत गेले, तशी ती वहीतल्या रकान्यांवर बोट ठेवत गेली. चौथ्या पायरीला म्हणाली, "हे तर मी करतेच आहे."

मग पेपर पाहिले. 'यस्टर्डे' असलेल्या वाक्यात योग्य क्रियापद निवडायचं होतं. पर्याय: वेन्ट, गोएड, गोज, गॉन. मी चुकीच्या पर्यायांबद्दल विचारलं. "गोएड हे सगळीकडे '-ईडी' लावणाऱ्यांसाठी. गोज निवडलं म्हणजे 'यस्टर्डे'कडे लक्षच नाही." प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे तिला एक मूल दिसत होतं. हे कौशल्य विकत मिळत नाही. 1989 पासून चालणारी आयएल्ट्स ही इंग्रजीची आंतरराष्ट्रीय परीक्षा असो की एखादं भाषा शिकवणारं अ‍ॅप, कुणाला तरी असे प्रश्न लिहावेच लागतात. मजकूर सोपा की अवघड ते ठरवावं लागतं, आणि त्यासाठी भाषा किती येते ते ठरवणाऱ्या 2001 सालच्या युरोपीय चौकटीतल्या ए-1 (सुरुवातीची) ते सी-2 (सर्वांत वरची) या सहा पातळ्या अनेक प्रकाशक वापरतात.

संपादन, पाठ्यपुस्तकनिर्मिती, कंपन्यांमधलं भाषा-प्रशिक्षण, अर्ज आणि सूचनापत्रं सोप्या भाषेत लिहिणं (यासाठी तर 2023 साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानकही आलं), हेही सगळं बोललो. पण तिचा जीव प्रश्न आणि आराखड्यात होता, म्हणून तिथेच थांबलो.

आता खरं सांगायचं तर नुसत्या पदवीवर ही दारं उघडत नाहीत. 'आठवीला तीन वर्षं इंग्रजी शिकवलं' हे वाक्य वाचून भरती करणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्याला नमुना हवा असतो. म्हणून तिला सांगितलं, नोकरीच्या मुलाखतीत बोलायचं कसं, या विषयावर प्रौढांसाठी वीस मिनिटांचा ऑनलाइन पाठ बनव.

पहिला नमुना जमला नाही. चाळीस स्क्रीन, आणि प्रत्येकीवर वर्गातलं भाषण उतरवलेलं. तिला वाईट वाटलं, मलाही तिच्यासाठी वाटलं, पण स्पष्ट सांगणं भाग होतं. वर्गात मुलांचे चेहरे बघून आपण वाक्य बदलतो. स्क्रीनपलीकडचा चेहरा दिसत नाही, म्हणून तो कुठे अडेल ते आधीच ओळखून ठेवावं लागतं. नव्यानं शिकण्यासारखं तिच्यापुढे हेच होतं. तिनं भावाला तो पाठ करायला बसवलं आणि स्वतः शेजारी गप्प बसून राहिली. "मॅडम, मध्ये न बोलणं फार जड गेलं," म्हणाली. तो सात ठिकाणी अडला. त्या सात जागा तिनं लिहून घेतल्या. दुसरा नमुना चौदा स्क्रीनचा झाला.

त्या चौदा स्क्रीन आणि दोन पेपर घेऊन तिनं अर्ज पाठवले. राजीनामा मात्र मी तोवर देऊ दिला नाही, कारण हा बदल व्हायला महिने लागतात आणि सुरुवातीचा पगार शाळेपेक्षा कमीही असू शकतो. तिचा कमीच होता. पाच महिन्यांनी प्रशिक्षण-साहित्य बनवणाऱ्या एका लहान कंपनीत सहा महिन्यांचं कंत्राट मिळालं, तेव्हा राजीनामा गेला. सध्या ती गोदामातल्या कामगारांसाठी यंत्र सुरक्षितपणे कसं बंद करायचं त्याचा पाठ बनवते आहे. परवा तिनं उद्दिष्टांचं पान पाठवलं. त्यात 'समजतो' कुठेच नव्हतं.