रोलचा कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?

प्रश्न : नमस्कार दादा, मी साताऱ्यात राहते, नोकरी करते आणि फोटोग्राफीतलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगून टाकते. फोनमध्ये हजारो फोटो पडलेत, परत उघडून बघणं काही होत नाही, म्हणून रोलचा कॅमेरा घ्यावा असं डोक्यात आलंय. लग्नबिग्नाचे फोटो काढायचे नाहीयेत, आपलं रोजचंच, घरची माणसं, ऑफिसमधली मंडळी, राजवाडा चौपाटीवर खाताना, रविवारी यवतेश्वर नाहीतर ठोसेघरला गेलो तर तिथले. बजेट तीन-चार हजार. एक मित्र म्हणतो घ्यायचा तर एसएलआरच घे, आणि ऑनलाइन बघावं तर एवढेएवढेसे कॅमेरे पंधरा-वीस हजाराला लावलेत. काय करू?

उत्तर : ताई, मित्राचं ऐकू नका, निदान या बाबतीत तरी. एसएलआर, म्हणजे भिंग बदलता येणारा मोठा कॅमेरा, चांगलाच असतो, पण तो जड, गळ्यात अडकवून चौपाटीवर कोण फिरणार, दोन आठवड्यांनी तो कपाटात जाणार. रोजच्या फोटोला कॅमेरा पर्समध्ये मावला पाहिजे आणि काढला की लगेच दाबता आला पाहिजे. आणि पैशाचं म्हणाल तर कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, खरा खर्च रोलचा. रंगीत ३६ चा रोल हजार रुपये धरा, रोल धुणं-स्कॅन-कुरिअर मिळून अजून पाचशे धरा, म्हणजे एकदा बटण दाबलं की चाळीसेक रुपये गेले. म्हणून मी तर म्हणेन चार हजारातले दीड-दोन हजारच कॅमेऱ्यावर घाला आणि बाकीच्यात रोल घ्या. ते पंधरा-वीस हजारवाले छोटे कॅमेरे म्हणजे ऑलिंपस म्यू टू वगैरे, भिंग खरंच छान आहे, पण आतली इलेक्ट्रॉनिक्स गेली की दुरुस्त करणारा शोधत बसा. एवढे पैसे त्या जुन्या सर्किटवर मी तरी लावणार नाही.

मग घ्यायचा कुठला. आधी घरात, मामाकडं, आत्याकडं विचारा. नव्वदीत घरोघरी याशिका एमएफ-२ सुपर नाहीतर कोडॅक केबी-१० असायचा, त्यातले कितीतरी अजून लोखंडी कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून आहेत. दोन्ही फिक्स फोकस, म्हणजे अंतर लावायची भानगडच नाही, दोन्हींना साधे पेन्सिल सेल लागतात जे कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, आणि हा मुद्दा छोटा समजू नका, कारण बऱ्याच ऑटोफोकस कॅमेऱ्यांना सीआर१२३ची बॅटरी लागते, ती संपली की ऐन वेळी गावात शोधत फिरायची वेळ येते. घरात काहीच नाही सापडलं तर नवीन कोडॅक एम३५ सारखा प्लॅस्टिकचा घ्या. खेळण्यासारखा दिसतो, पण सेल फक्त फ्लॅशसाठी लागतो, सेल नसला तरी उन्हात फोटो निघतोच. आणि कुठं ऑलिंपस ट्रिप ३५ चालू अवस्थेत परवडण्यासारखा दिसला तर विचार न करता उचला, १९६७ ते १९८४ एवढी वर्षं तो बनत होता, त्याला बॅटरीच नाही, भिंगाभोवतीची ती जाळीसारखी काच म्हणजे सेलेनियमचा सेल, प्रकाशावरच चालतो. फक्त अंतर आपण ठरवायचं, रिंगवर माणसांची आणि डोंगराची चित्रं असतात तेवढी फिरवायची. झूमवाले कॉम्पॅक्ट मात्र टाळा, झूम पुढं नेला की भिंगातून उजेड कमी येतो आणि फोटो हलतो.

जुना घेताना दुकानदार सांगेल "एकदम ओके आहे मॅडम", ते ऐकायचं आणि तरीही स्वतः बघायचं. सेलचा कप्पा उघडा, पत्र्यावर हिरवा-पांढरा साका असेल तर सेल गळलेत. मागचं झाकण उघडा आणि भिंगावर पुढून-मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसात ही फार लागते, असला कॅमेरा नको. झाकण उघडंच ठेवून बटण दाबा, क्षणभर उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. झाकणाच्या कडेचा काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर उजेड आत शिरून फोटोवर लाल-पिवळे पट्टे येतील, पण तो फोम बदलता येतो, तेवढ्यावरून नाकारू नका, भाव मात्र पाडून घ्या. फ्लॅश नवीन सेल घालून बघा, चार्ज व्हायला अर्ध्या मिनिटाच्या वर लागत असेल तर तो दमलाय. ट्रिप असेल तर रिंग ए वर (म्हणजे ऑटोवर) ठेवून भिंग तळव्यानं पूर्ण झाका आणि दाबा, बघायच्या खिडकीत लाल झेंडी वर आली आणि शटर अडलं तर सेलेनियमचा सेल जिवंत आहे. ऑनलाइन घेणार असाल तर नुसत्या "टेस्टेड" शब्दावर जाऊ नका, त्या कॅमेऱ्यावर काढलेले फोटो मागा.

आता रोल. २०० घेऊ की ४०० असं पुढं विचारालच, हा फिल्मचा आयएसओ, आकडा मोठा तेवढा कमी उजेड पुरतो. जुनी रीत अशी की कडक उन्हात भिंग एफ १६ वर (एफचा आकडा मोठा तेवढं भिंगाचं भोक लहान) असेल तर शटरचा वेग फिल्मच्या आकड्याएवढा, म्हणजे ४०० ला १/४०० सेकंद. एम३५ मध्ये भिंग एफ १० आणि शटर १/१२० असं कायमचं ठरलेलं, त्यामुळं मे महिन्यात दुपारी ४०० च्या फिल्मवर गरजेच्या आठपट उजेड पडतो आणि २०० वर चौपट. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड बराच खपवून घेते, कमी उजेड मात्र अजिबात नाही, काळपट चिखल होतो सगळा. म्हणून उन्हाळ्यात कोडॅक गोल्ड २००, आणि जून ते सप्टेंबर, जेव्हा ढग आणि धुकं उतरतं, तेव्हा अल्ट्रामॅक्स ४००. कास-ठोसेघरला पावसाळ्यात २०० घालून जाऊ नका. घरात ट्यूबलाइटखाली फ्लॅश लावायचाच, दिवसासुद्धा, आणि माणूस दहा फुटांच्या आत हवा, फ्लॅश त्यापुढं फारसा पोचत नाही.

वापरताना दोन सवयी लावून घ्या. फोनसारखं तोंडाजवळ नेऊन काढायचं नाही, फिक्स फोकसला मीटरभर अंतर लागतंच, त्याच्या आत सगळं धूसर. जवळच्या फोटोत वर थोडी जागाही सोडा, कारण आपण बघतो ती खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, नाहीतर आजीचं डोकं कापलं जातं आणि वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. दुसरं म्हणजे रोल भरल्यावर पुढं सरकवताना डावीकडची रिवाइंडची कळ आपोआप फिरतेय का बघा. फिरत नसेल तर फिल्म आतल्या फिरकीत बसलेलीच नाही, आणि ३६ फोटो काढून झाल्यावर कोरा रोल हातात येतो.

प्रश्न : आमच्या सांगलीच्या घरात आजोबांचा आग्फा क्लिक थ्री निघाला, माळ्यावर होता म्हणून २०१९ च्या पुरातून वाचला. बटण दाबलं की टक आवाज येतो. हाच वापरू का रोज?

उत्तर : वापरा, पण रोज नको. त्याला ३५ एमएमचा रोल बसत नाही, १२० नावाचा रुंद रोल लागतो, आणि त्यावर चौकोनी बाराच फोटो येतात. आत रिकामी फिरकी असेल ती जपून ठेवा, कचरा समजून टाकू नका, नवीन रोल तिच्यावरच गुंडाळला जातो, ती नसेल तर कॅमेरा निकामी. मागच्या लाल खिडकीतून आकडे बघत रोल फिरवायचा, आणि उन्हात ती खिडकी अंगठ्यानं झाकायची. शटर हळू आहे, तेव्हा श्वास रोखून दाबा नाहीतर आयर्विन पुलाच्या कठड्यावर टेकवा. ब्लॅक अँड व्हाइट घालून बघा, इलफर्डचा एचपी५ प्लस १२० मध्येही येतो. आजोबा बहुतेक इंदूचा रोल घालत असतील, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, तो कारखानाच आता बंद झालाय.

प्रश्न : हाफ फ्रेम कॅमेऱ्यात एका रोलवर ७२ फोटो येतात म्हणे. मग तोच स्वस्त पडेल ना? (मिरजेहून)

उत्तर : हाफ फ्रेम म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन, तेव्हा हिशोबानं हो, फोटोमागं खर्च निम्मा. कोडॅक एक्टार एच३५ नवीन मिळतो, जुन्यात ऑलिंपस पेन ईई. फोटो मूळचाच उभा येतो, फोनची सवय असलेल्यांना ते बरं वाटतं. दाणे जरा जास्त दिसतात पण चार बाय सहाच्या कॉपीला काही बिघडत नाही. अडचण दुसरीच, ७२ फोटो संपता संपत नाहीत, गणपतीत भरलेला रोल दिवाळी उलटली तरी कॅमेऱ्यातच असतो. धीर असेल तर घ्या. आणि काही लॅब हाफ फ्रेमच्या स्कॅनचे जास्त पैसे लावतात, आधी विचारून ठेवा.

प्रश्न : कराडला आमच्या ओळखीच्या स्टुडिओवाल्यानं सांगितलं की रोल धुवायचं मशीन त्यानं कधीच विकलं. मग रोल द्यायचा कुठं? आणि ऑनलाइन स्वस्तात "सिनेमाची फिल्म" मिळते ती घ्यावी का?

उत्तर : आता बहुतेक ठिकाणी हेच ऐकायला मिळतं. स्टुडिओवाले रोल घेतात ते पुढं पुण्या-मुंबईला पाठवायलाच, त्यापेक्षा आपणच लॅबला कुरिअर करावा, दोन-तीन रोल साठवून एकदम पाठवला की कुरिअरचा खर्चही वाटला जातो. डबीवर पेनानं नाव आणि फोन लिहा. तोपर्यंत रोल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, एप्रिल-मे मध्ये तर नाहीच, रंग उतरतात. न वापरलेले रोल डबीसकट फ्रिजमध्ये चालतात, पण बाहेर काढल्यावर तास-दोन तास तसेच ठेवून मगच उघडा, नाहीतर आत दव धरतं. सिनेमाच्या फिल्मचं म्हणाल तर कापून छोट्या डब्यांत भरलेली असते ती, कितीतरी फिल्मना मागं काळा थर असतो, आणि तो साधे रंगीत रोल धुवायच्या (सी-४१) मशीनमध्ये सुटून दुसऱ्यांचेही रोल खराब करतो, म्हणून पहिले चार-पाच रोल तरी साधे घ्या आणि पुढं कधी घेतलीच तर लॅबला सांगूनच पाठवा. स्कॅन सगळ्यात साधा मागितला तरी चालेल, चार बाय सहाच्या कॉपीला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. आणि निगेटिव्ह परत पाठवा असं पाकिटावरच लिहा, सांगितलं नाही तर काही लॅब ती ठेवतात आणि काही महिन्यांनी टाकून देतात.