सोलापुरात आठवड्यासाठी सामानासकट फ्लॅट घेताना

रेल्वे लाइन्स किंवा होटगी रोडला फ्लॅट बघताय ना? मग सोफ्याआधी पाण्याचं विचारा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात. टाकी किती लिटरची, किती घरांत वाटलेली, बोअर आहे का, टँकर मागवला तर पैसे कोणाचे, हे मालकाकडून व्हॉट्सॲपवर लिहूनच घ्या. चार माणसांना दिवसाला ५०० लिटर धरा. एप्रिल-मेमध्ये सगळ्यात वरचा मजला नकोच. पारा ४० अंशांच्या वर जातो आणि तापलेल्या स्लॅबखाली एसी नुसता घरघरतो. वीजबिल वेगळं असेल तर चावी घेतानाच मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, सोबत भिंती-फर्निचरचा व्हिडिओही. डिपॉझिट कापायला जुने ओरखडेच पुढे येतात. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत यायचं तर घासाघीस विसरा, लवकर बुक करा.