अग्निवीर होण्यापूर्वी वेतनाचा हिशेब
कामठीच्या मैदानावर धावण्याचा सराव तुम्ही करत आहातच, त्याविषयी मला काही सांगायचे नाही. मात्र २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत, म्हणजे सैन्यातील चार वर्षांच्या भरतीत, पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपयांपैकी २१,००० रुपयेच हाती येतात, उरलेली रक्कम सेवानिधीत जाते आणि सरकार तेवढीच भर घालते, हे घरच्यांना आधीच समजावून सांगा. चार वर्षांनंतर व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. परंतु स्वेच्छेने मध्येच बाहेर पडल्यास सरकारचा वाटा मिळत नाही, आणि माणूस टिकवण्याची खरी तजवीज, माझ्या मते, इथेच आहे. चार वर्षांनंतर सैन्यात कायम होणाऱ्यांनाही हा वाटा मिळत नाही. त्यांना त्याऐवजी नियमित जवानाचे वेतन, भत्ते आणि निवृत्तिवेतनाची वाट खुली होते. सेवानिधीच्या भरवशावर आताच कर्ज काढू नका.