‘इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाला हा विषय कशाला?’

प्रश्न (सरे, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा): मुलगा अकरावीत आहे. इथल्या मूलनिवासींविषयीचा एक विषय घेतल्याशिवाय आता बारावी पूर्ण होत नाही. ह्यांचं म्हणणं, इंजिनिअरिंगला जायचंय, त्यात हे कशाला? शिवाय जे केलं ते गोऱ्यांनी, आपला काय संबंध? घरात रोज वाद होतो.

उत्तर: ताई, आधी व्यवहाराचं बघू. २०२३-२४ पासून तुमच्या प्रांतात बारावी पूर्ण करायला या विषयाचे चार क्रेडिट लागतात. मुलानं ‘इंग्लिश फर्स्ट पीपल्स १२’ (मूलनिवासींच्या साहित्यावरचा इंग्रजीचा विषय) घेतला, तर बारावीचं सक्तीचं इंग्रजीही त्यातच भागतं, आणि यूबीसीला (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाला) प्रवेशासाठीही तो चालतो. गणित-फिजिक्सला कुठेच धक्का लागत नाही. हे त्यांना आजच सांगा, निम्मा वाद तिथेच मिटेल.

उरलेला निम्मा महत्त्वाचा. कॅनडात दीड लाखाहून जास्त मूलनिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत ठेवलं गेलं. मातृभाषा बोललं की शिक्षा. १९७३ मध्ये विल्यम्स लेकजवळच्या अशाच शाळेत फिलिस वेबस्टॅड गेली तेव्हा सहा वर्षांची होती. आजीनं घेऊन दिलेला नवाकोरा नारिंगी शर्ट पहिल्याच दिवशी अंगावरून काढून घेतला, तो परत मिळालाच नाही. ३० सप्टेंबरला मुलं नारिंगी कपडे घालतात ते यासाठी. अशा शाळांतली शेवटची १९९० च्या दशकात बंद झाली, म्हणजे मुलाच्या वर्गातल्या एखाद्या मूलनिवासी मुलीची आजी, कदाचित आईसुद्धा, तिथे राहिलेली असू शकते. त्या घरात शाळेच्या पत्राचीही धास्ती वाटत असेल आणि मुलगी शाळेपासून लांब राहत असेल, तर तो तिचा आळस नव्हे.

या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगानं २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. शेवटच्या दोन आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांबद्दलच आहेत. त्यातूनच जून २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेत मूलनिवासींचे हक्क आणि त्यांच्याशी झालेले करार मान्य करण्याचे शब्द आले. तुम्ही त्यानंतर शपथ घेतली असेल, तर हे शब्द तुमच्या तोंडचे आहेत. संबंध तिथेच जडला. आणि सरेची जमीन तर कोणत्याही कराराशिवाय घेतलेली आहे.

मूलनिवासी मुलांचं शिक्षण सुधारतं कशानं? माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण कॅनडाच्या पूर्वेकडच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातलं आहे. तिथल्या मिकमाक समाजानं १९९७ मध्ये सरकारांशी करार करून आपल्या शाळांचा कारभार हातात घेतला, वर्गात स्वतःची भाषा आणली. अलीकडे त्यांची बारावी पूर्ण करणारी मुलं ९० टक्क्यांच्या आसपास असतात. तीच मुलं, तीच गावं. फक्त निर्णय घरच्यांच्या हातात आले.

म्हणून पालक समितीच्या पुढच्या बैठकीला दोघं मिळून जा. २०२३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक स्कूल बोर्डाला मूलनिवासी शिक्षण परिषद नेमावी लागते. तिनं आपल्या शाळेसाठी काय सुचवलं आणि त्यातलं किती झालं, एवढंच विचारा. आपल्या उत्साहात स्वतः योजना आखायला जाऊ नका, आणि वर्गातल्या त्या एकुलत्या मूलनिवासी आईला ‘तुमच्या संस्कृतीवर बोला’ म्हणून उभं करू नका. नारिंगी शर्ट घ्यायचा झाला तर मूलनिवासी कारागिराकडून घ्या. आणि मुलगा त्या विषयाचं पुस्तक घरी आणेल तेव्हा ह्यांनाही वाचायला द्या.